पेन टेस्टिंगची कंपनी निवडताना कोटेशनच्या पलीकडे काय बघावं?

बोरीबंदर (धागाकर्ता):

मंडळी, मध्य रेल्वेच्या पट्ट्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत आयटी बघतो. बँकेचं नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील, त्यांनी गप्प बसावं. कोअर बँकिंग (खाती आणि व्यवहार सांभाळणारं मुख्य सॉफ्टवेअर) बाहेरच्या कंपनीकडून घेतलंय, सर्व्हर त्यांच्याच नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये. मोबाइल ॲप आहे, यूपीआय आहे, त्यामुळे आरबीआयच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकातल्या चार पातळ्यांपैकी आम्ही दुसरीत बसतो. व्हीएपीटी (व्हीए म्हणजे सिस्टिममधल्या कमकुवत जागांची यादी काढणं, पीटी म्हणजे पेन टेस्टिंग, परवानगी घेऊन हॅकरसारखं आत शिरून बघणं) दरवर्षी होते. म्हणजे रिपोर्ट येतो, फायलीला लागतो, इन्स्पेक्शनला सर्टिफिकेट दाखवलं जातं.

यंदा मात्र इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी एका हातात आमचं रिस्क रजिस्टर (बँकेपुढच्या धोक्यांची यादी) घेतलं, दुसऱ्या हातात व्हीएपीटीचा रिपोर्ट, आणि विचारलं, "यातल्या कुठल्या धोक्यासाठी ही टेस्ट केलीत?" जीएम साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी व्हेंडरच्या माणसाकडे, त्याने एसीकडे.

आता नव्याने कंपनी नेमायची आहे. तीन कोटेशनं आलीत, तिन्ही कंपन्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) पॅनेलवरच्या. कागदावर काम तंतोतंत एकच: मोबाइल ॲप, वेबसाइट, नेटवर्क. पण सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त रकमेत जवळजवळ पाचपट फरक आहे. संचालक मंडळाचा कल अर्थात एल-वनकडे, म्हणजे सगळ्यात कमी दराकडे. हा पाचपट फरक नेमका कशाचा? आणि आपल्या रिस्क रजिस्टरशी जुळवून काम करणारी कंपनी ओळखायची कशी?

सातरस्ता:

असल्याच एका कंपनीत टेस्टर म्हणून काम करतो (तुमच्या तिघांतली नाही, असली तरी सांगणार नाही). फरक कशाचा ते एका वाक्यात सांगतो: माणूस किती दिवस बसणार त्याचा.

सर्ट-इनचं पॅनेल म्हणजे आरटीओचं लायसन्स. गाडी चालवायची परवानगी आहे एवढंच त्यावरून कळतं, सायन-पनवेलवर भर पावसात कशी चालवतो ते नाही. तरी ती यादी नीट वाचा. सर्ट-इनच्या साइटवर नावांखाली प्रत्येक कंपनीने स्वतः भरून दिलेली माहिती असते: तांत्रिक माणसं किती, कोणाकडे कुठली सर्टिफिकेशन्स, कोणत्या प्रकारची ऑडिट्स केली. शंभर कामं आणि चार माणसं असं गणित दिसलं तर पुढे काय होणार ते तुम्हीच ओळखा.

आता स्वस्त कोटेशन. त्यात बहुतेक वेळा एक स्कॅनर रात्री लावला जातो, सकाळी निघालेल्या यादीवर कंपनीचा लोगो चढतो. त्याला व्हीए म्हणा, हरकत नाही, त्याचीही गरज असते. जुनं सॉफ्टवेअर, उघडं पोर्ट, कालबाह्य टीएलएस (सर्व्हरशी होणारं बोलणं गुप्त ठेवणारी व्यवस्था), हे सगळं स्कॅनर छान पकडतो. पण तुमच्या ॲपमध्ये मी माझ्या खात्याने लॉगिन केलं, स्टेटमेंट मागवताना रिक्वेस्टमधला खाते क्रमांक बदलून शेजाऱ्याचा टाकला आणि त्याचं स्टेटमेंट माझ्यासमोर आलं, तर स्कॅनरच्या दृष्टीने सर्व्हरने व्यवस्थित उत्तर दिलेलं असतं. खातं कोणाचं हे त्याला कसं कळणार? ओडब्ल्यूएएसपी या ॲप सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या एपीआय (ॲप आणि सर्व्हर ज्यातून बोलतात तो दुवा) धोक्यांच्या यादीत हाच प्रकार पहिल्या क्रमांकावर आहे. तसंच रोजच्या मर्यादेचं. ॲप एक लाखाच्या वर आकडा टाकू देत नाही, पण ती तपासणी फक्त ॲपमध्येच असेल आणि सर्व्हर काही विचारत नसेल तर मधल्या मध्ये आकडा बदलता येतो. हे शोधायला माणूसच लागतो, आणि त्याला तुमचं ॲप समजून घ्यायलाच पहिले एक-दोन दिवस जातात.

म्हणून तिघांनाही एकच प्रश्न पाठवा: मोबाइल ॲप आणि त्याच्या एपीआयवर हाताने काम करणारी माणसं किती आणि दिवस किती? उत्तर लेखी घ्या.

खाडीपलीकडचा:

एनबीएफसीत (बँक नसलेली वित्त कंपनी) सीआयएसओ, म्हणजे माहिती सुरक्षेचा प्रमुख आहे. सातरस्तांना अनुमोदन, पण तुमच्या इन्स्पेक्टर साहेबांचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. कंपनी कुठली हे नंतर बघू, तपासायचं काय ते ठरलंय का?

आम्हाला आरबीआयचं ७ नोव्हेंबर २०२३ चं आयटी गव्हर्नन्सचं मास्टर डायरेक्शन लागू झालं, अंमल १ एप्रिल २०२४ पासून. त्यात महत्त्वाच्या आणि ग्राहकांसमोर असलेल्या सिस्टिम्ससाठी दर सहा महिन्यांनी व्हीए आणि बारा महिन्यांतून एकदा पीटी असं किमान बंधन आहे. लोक हे वाचतात आणि कॅलेंडर लावून मोकळे होतात. कॅलेंडरवर धोका लिहिलेला नसतो.

कॉसमॉसचं प्रकरण आठवा. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या बँकेची क्लोन केलेली कार्डं २८ देशांतल्या एटीएमवर चालली, सोमवारी स्विफ्टमधून (बँकांचं आंतरराष्ट्रीय संदेश जाळं) हाँगकाँगला पैसे गेले, एकूण फटका ९४ कोटींच्या आसपास. पैसे काढायची मागणी कोअर बँकिंगपर्यंत पोचलीच नाही, मधे बसवलेला बनावट स्विच (एटीएमची मागणी बँकेपर्यंत नेणारी यंत्रणा) परस्पर "मंजूर" म्हणत राहिला. आता मला सांगा, तुमच्या तीन कोटेशनांमधलं "मोबाइल ॲप, वेबसाइट, नेटवर्क" हे काम या वाटेला कुठे शिवतं? "नेटवर्क" या एका शब्दात बाहेरून दिसणारे चार आयपी पत्ते येतात की शाखेतल्या काउंटरच्या पीसीवरून स्विचच्या भागापर्यंत पोचता येतं का ते येतं?

रिस्क रजिस्टर उघडा, ज्यांनी बँक बंद पडेल किंवा पेपरात येईल अशा पाच-सहा ओळींवर खूण करा, आणि प्रत्येक ओळीचा एक प्रश्न बनवा. "अनधिकृत व्यवहार" हा रजिस्टरमधला शब्द झाला. प्रश्न असा: शाखेत क्लार्कच्या लॉगिनवर बसलेला माणूस मेकर (नोंद करणारा) आणि चेकर (मंजूर करणारा) दोन्ही होऊ शकतो का? हे प्रश्न तिघांनाही द्या आणि प्रत्येकाचं उत्तर कसं शोधणार ते एक-दोन पानांत लिहून मागा. खरी कंपनी तिथेच कळते. काही जण तुमचे प्रश्न बाजूला ठेवून स्वतःचं नेहमीचं ब्रोशर पाठवतील.

लेखापाल:

एका पतसंस्थेचा आणि एका बँकेचा ऑडिटर म्हणून जरा उलट बाजू मांडतो. पैसा सभासदांचा आहे. वीस शाखांच्या बँकेने मोठ्या खासगी बँकेसारखी टेस्टिंग करायची म्हटली तर डिव्हिडंड काय द्यायचा? पॅनेलवरची कंपनी आहे, रिपोर्ट आहे, सर्टिफिकेट आहे. कमी दराची निविदा डावलली तर वार्षिक सभेत प्रश्न मला विचारतात, हॅकरला नाही.

खाडीपलीकडचा:

लेखापाल साहेब, एल-वन डावला असं म्हणतच नाही. दोन लिफाफे घ्या. तांत्रिक लिफाफ्यात किमान गुण ठरवा: हाताने कामाचे दिवस, माणसांची पात्रता, नमुना रिपोर्ट, आमच्या प्रश्नांची उत्तरं. त्यात जे पास होतील त्यांचेच आर्थिक लिफाफे उघडा आणि त्यातला एल-वन खुशाल घ्या. सभेत दाखवायला कागदही राहतो. आणि खर्च कमी करायचा तर काम नेमकं करा. बँकेची माहिती देणारी साधी वेबसाइट, जिथे लॉगिनसुद्धा नाही, तिच्यावर पीटीचे महागडे दिवस कशाला?

लेखापाल:

दोन लिफाफ्यांचं पटलं. गुण मात्र निविदा काढायच्या आधी ठरवा आणि समितीची सही घ्या. लिफाफे आल्यावर गुण ठरवले की वास येतो.

माहीमची_मुलगी:

लोअर परळला एका पेमेंट कंपनीत डेव्हलपर आहे, म्हणजे हे रिपोर्ट शेवटी ज्यांच्या डोक्यावर आदळतात त्या जमातीतली. नमुना रिपोर्ट नक्की मागवा आणि तो आयटी प्रमुखाने वाचू नये, ज्याला दुरुस्ती करायची आहे त्याला वाचायला द्या.

मला आलेल्या एका रिपोर्टमध्ये एक एचटीटीपी हेडर नाही म्हणून "हाय", आणि मागे एकोणिसाव्या पानावर "मीडियम" म्हणून काय, तर पासवर्ड बदलायचा ओटीपी कितीही वेळा चुकीचा टाकता येतो! सहा आकडी ओटीपी, मर्यादा नाही, स्क्रिप्ट लावायची की खातं आपलं. टूलने दिलेला सीव्हीएसएसचा (दोष किती गंभीर ते सांगणारा) आकडा जसाच्या तसा उतरवला की असं होतं. रिपोर्टमध्ये मला बघायचं असतं ते नेमकी रिक्वेस्ट, नेमकं उत्तर, पुन्हा करून बघायच्या पायऱ्या आणि याने आमच्या धंद्याचं काय बिघडू शकतं त्याच्या दोन ओळी. उपायात "इनपुट नीट तपासा" लिहिलं असेल तर पैसे परत मागावेत असं वाटतं.

दुसरं, टेस्ट कुठे होणार ते ठरवा. यूएटीवर (चाचणीसाठी ठेवलेली वेगळी सिस्टिम) झाली आणि तिथे ओटीपी कायम १२३४५६ असेल, फायरवॉलचे नियम वेगळे असतील, ॲपची आवृत्ती दोन महिने जुनी असेल, तर तपासलं ते भलतंच. वर उल्लेख आलेल्या त्याच मास्टर डायरेक्शनमध्ये आहे की नवी सिस्टिम किंवा अपग्रेड आल्यावरची टेस्ट प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष चालू सिस्टिम) व्हावी, नाइलाजाने टेस्ट वातावरणात केली तर आवृत्ती आणि कॉन्फिगरेशन प्रॉडक्शनसारखं असावं.

अवांतर: एकशेवीस फाइंडिंग्ज म्हणजे चांगली कंपनी असा समज व्यवस्थापनात का असतो कोणास ठाऊक. त्यातली सत्तर एकाच सर्व्हरच्या एकाच जुन्या आवृत्तीची असतात.

रात्रपाळी:

महापेच्या एका एसओसीत (सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणारं केंद्र) शिफ्ट करतो. निवडीच्या वेळी कोणी विचारत नाही ते विचारतो: ही कंपनी तुमची सिस्टिम न पाडता काम करू शकते का?

एका ठिकाणी (नाव नाही) टेस्टरने सर्व शाखांच्या लॉगिनवर एकेक सोपा पासवर्ड चालवून बघायला घेतला. तीन चुकांनंतर खातं लॉक, हे त्याने विचारलंच नव्हतं. पगाराचा दिवस, सकाळचे साडेदहा, आणि अर्ध्या शाखांत काउंटरवर कोणाला लॉगिन होईना. तेव्हा कंपनीला विचारा: कोणत्या वेळा टाळणार, डे एंड (दिवसाचे हिशेब बंद करायचं काम) सुरू असताना हात लावणार का, काही बिघडलं तर फोन कोण उचलणार. डे एंडबद्दल त्यांना काहीच माहीत नसेल तर त्यांनी बँकेत काम केलेलं नाही.

परवानगीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, आयपी, तारखा, वेळा सगळं लिहून. आयटी कायद्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टिममध्ये शिरणं येतं, आणि अप्रामाणिक हेतूने केलं तर ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. आता तुमच्या बाबतीत गंमत अशी की सर्व्हर तुमचे नाहीत. कोअर बँकिंगवाल्यांची वेगळी लेखी परवानगी लागेल, डेटा सेंटरला कळवावं लागेल. हे पत्र मिळवण्यातच वेळ जातो, टेस्टिंगला कमी.

आणि एक कलम करारात हवंच: टेस्ट करताना आधीच कोणी शिरून गेल्याच्या खुणा दिसल्या तर हातातलं काम थांबवून तत्काळ फोन. रिपोर्टची वाट बघायची नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं. टेस्टरच्या लॅपटॉपवर ती खूण तीन आठवडे मसुद्यात पडून राहिली तर काय सांगणार?

एसओसीला आधी सांगायचं की नाही यावर आमच्यातच भांडणं आहेत. माझं मत, फक्त प्रमुखाला सांगा. आम्हाला कळू देऊ नका. मग टेस्टर किती वाजता आत आला आणि आम्ही किती वाजता पकडला (किंवा नाहीच पकडला) हे दोन्ही लॉग शेजारी ठेवा. एनआयएसटीच्या (अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था) सायबर सुरक्षेच्या चौकटीत ओळख, संरक्षण याबरोबर शोध आणि प्रतिसाद हेही आहेतच ना? एका टेस्टमध्ये तेही मोजून होतं.

सातरस्ता:

रात्रपाळींच्या शेवटच्या मुद्द्यावर थोडा मतभेद. छोट्या बँकेत पहिल्याच वर्षी गुपचूप टेस्ट नको. आधी साध्या गोष्टी दुरुस्त करा, पुढच्या वर्षी हा खेळ खेळा. नाहीतर टेस्टरचे निम्मे दिवस लपण्यात जातात आणि त्याचे पैसे तुम्ही देता.

माणसांबद्दल राहिलं होतं. प्रेझेंटेशनला येतो तो वेगळा, कामाला येतो तो वेगळा, हे आमच्या धंद्यात सर्रास चालतं. प्रस्तावातल्या नावांनीच काम करावं, बदल करायचा तर आधी मंजुरी, आणि दुसऱ्या कंपनीला काम पुढे देता येणार नाही, हे करारात घाला. सर्टिफिकेशनमध्येही फरक असतो. ओएससीपी या पेन टेस्टिंगच्या सर्टिफिकेशनला जवळजवळ चोवीस तासांची प्रत्यक्ष परीक्षा असते, मशिनमध्ये शिरूनच दाखवावं लागतं. काही सर्टिफिकेशन्स पर्यायी प्रश्नांवर मिळतात. तरी सर्टिफिकेटवर फार जाऊ नका. त्या मुलाशी किंवा मुलीशी अर्धा तास थेट बोला, सेल्सवाल्याला बाहेर चहाला पाठवा.

प्रश्न हा विचारा: "गेल्या काही महिन्यांत सापडलेली अशी एक गोष्ट सांग जी स्कॅनरला सापडली नसती. क्लायंटचं नाव नको." खऱ्या टेस्टरचे डोळे चमकतात हो. थांबवावं लागतं.

आणखी एक. जी कंपनी तुम्हाला फायरवॉल विकते किंवा एसओसी चालवते, तिच्याकडूनच टेस्ट नको. स्वतःच्या पेपरला कोण नापास करतं?

दलाल_स्ट्रीट:

आमच्यासारख्या ब्रोकर मंडळींना तर सेबीच्या २० ऑगस्ट २०२४ च्या सीएससीआरएफ या सायबर सुरक्षेच्या चौकटीनंतर सर्ट-इन पॅनेलवरचीच कंपनी हवी, पर्याय नाही. परिणाम असा की फोर्टातल्या प्रत्येक छोट्या ब्रोकरकडे एकाच साच्याचे रिपोर्ट फिरतायत, फक्त वरचं नाव बदललेलं. एकात तर आतमध्ये शेजारच्या मजल्यावरच्या ऑफिसचं नाव राहिलं होतं. वाचतोय, चालू द्या.

बोरीबंदर:

सगळ्यांचे आभार, खूप उपयोग झाला. सांगितल्याप्रमाणे केलं, काय घडलं ते लिहितो.

रजिस्टरमधून पाच ओळी काढल्या, त्यांचे प्रश्न केले आणि तिघांना पाठवले. सगळ्यात स्वस्त कंपनीचं उत्तर: "आम्ही सर्व जागतिक मानकांनुसार टेस्टिंग करतो." हाताने कामाचे दिवस विचारले तर "ते स्कोपवर अवलंबून आहे", स्कोप पाठवलेलाच होता. टेस्टरशी बोलायचं म्हटल्यावर "कळवतो" म्हणाले, कळवलं नाही.

सगळ्यात महागड्यांनी गुळगुळीत नमुना रिपोर्ट पाठवला. त्यात आमच्यासारख्याच एका बँकेचं नाव काळं केलेलं, पण स्क्रीनशॉटमध्ये ॲड्रेस बारवर तिचा पत्ता जसाच्या तसा, खाली तीन ग्राहकांचे पॅन. जीएम साहेबांना दाखवलं, ते फक्त एवढंच म्हणाले, "उद्या आपला रिपोर्ट कुठे फिरेल?" त्यांचा विषय तिथेच संपला.

मधल्या कंपनीची टेस्टर म्हणजे पंचविशीतली एक मुलगी. खाते क्रमांक बदलायच्या युक्तीपासून सुरू झाली, मग कार्ड ब्लॉक करायच्या फोन लाइनपर्यंत पोचली, मग मलाच विचारलं की तुमच्याकडे नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची लॉगिन्स शाखेत कोण काढतं. आमच्या रजिस्टरमध्ये ही ओळच नाही. घालतोय.

काम असं ठरवलंय: मोबाइल ॲप आणि एपीआयची पूर्ण पीटी, शाखेच्या पीसीवरून आतल्या नेटवर्कची पीटी, आणि वेबसाइटवर फक्त व्हीए. अडचण कोअर बँकिंगवाल्यांची. ते म्हणतात, आमच्या सर्व्हरला हात लावायचा नाही, आमचं आम्ही तपासतो.

खाडीपलीकडचा:

मग त्यांच्याकडे त्यांच्या टेस्टचा रिपोर्ट मागा. पूर्ण देणार नाहीत. निदान तारीख, कोणी केली, काय तपासलं, गंभीर किती उघडी आहेत, हे सही-शिक्क्याने घ्या. आणि कराराच्या नूतनीकरणाला ऑडिटचा हक्क लिहून घ्या. जुलै २०२४ मध्ये छोट्या बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एजवर रॅन्समवेअर आलं तेव्हा एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) ती कंपनी पेमेंट जाळ्यापासून तात्पुरती तोडली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या जवळपास तीनशे छोट्या बँकांची पेमेंट अडकली. त्या बँकांनी स्वतःच्या ॲपची कितीही चांगली पीटी केली असती तरी काय फरक पडला असता? तेव्हा "व्हेंडर बंद पडला तर" ही ओळ रजिस्टरमध्ये हवी आणि तिच्यासमोर "पीटीने तपासता येत नाही, कराराने आणि पर्यायी व्यवस्थेने हाताळायची" असं स्पष्ट लिहा. इन्स्पेक्टरला असली प्रामाणिक ओळ आवडते.

रिपोर्ट आल्यावर प्रत्येक फाइंडिंगसमोर रजिस्टरमधल्या ओळीचा नंबर, जबाबदार माणूस, तारीख. आणि "हे आत्ता दुरुस्त करत नाही, धोका पत्करतो" अशी सही आयटीने करायची नाही. ती जीएमची किंवा समितीची. तुम्ही सही केलीत की धोका तुमचा होतो.

माहीमची_मुलगी:

आणि कंपनीला सांगा, तुमच्या रिपोर्टमध्ये ग्राहकांचा डेटा झाकलेला हवा, रिपोर्ट एनक्रिप्ट करून, पासवर्ड वेगळ्या मार्गाने. व्हॉट्सॲपवर पीडीएफ नको. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत आहे, आणि टेस्टरच्या लॅपटॉपवरून फुटला तरी डेटा तुमच्या ग्राहकांचाच.

लेखापाल:

पैशाचं कसं ठेवलंय? पूर्ण रक्कम रिपोर्टवर देऊ नका. दुरुस्तीनंतरची फेरतपासणी त्याच दरात आणि शेवटचा हप्ता तिच्यानंतर.

सातरस्ता:

धंद्याच्या बाजूने एक रडगाणं: बँका वर्षभर दुरुस्ती करत नाहीत आणि आमचा हप्ता अडकून राहतो. मुदत घाला. ९० दिवसांत फेरतपासणीला बोलावलं नाही तर हप्ता द्यायचा, आणि "न तपासलेलं" असा शेरा रिपोर्टवर राहील. तो शेरा समितीपुढे गेला की दुरुस्ती आपोआप होते.

बोरीबंदर:

९० दिवस आणि शेरा, दोन्ही घेतो. लेखापाल साहेब, तांत्रिक लिफाफ्याच्या गुणांचा तक्ता करून इथेच टाकतो, जरा ऑडिटरच्या नजरेने बघाल का? समितीची बैठक सोमवारी आहे आणि अध्यक्षांचा भाचा सगळ्यात स्वस्त कंपनीत सेल्सला आहे.